आधी पाणी

माझं सासर साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. त्या गावात फौजी निवृत्त होऊन आला की त्याची मिरवणूक निघते. उघडी जीप, पुढे डीजे, दारोदारी रांगोळ्या, शाळेतली पोरं दोन्ही बाजूंना उभी आणि वेशीवर फ्लेक्स. हार इतके घालतात की माणूस नाकापर्यंत झेंडूत बुडतो. मी स्वतः अशा कितीतरी फौजींना ओवाळलेलं आहे. ओवाळताना माझं लक्ष मात्र बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे जाई. हा माणूस आता रोज घरात दिसणार, याचं करायचं काय, हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसायचा.

माझी पाळी आली तेव्हा मला असा प्रश्न वगैरे पडला नव्हता. मी खूश होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आयुष्याची उमेदीची वर्षं धुळ्यात देवपूरच्या दोन खोल्यांत एकटीने काढली, गॅसच्या नंबरापासून लेकीच्या तापापर्यंत सगळं एकटीने ओढलं. नवऱ्याला मी घरात सुभेदारच म्हणते. आधी थट्टेने म्हणायचे, मग सवय झाली, आणि आता कधीकधी रागाने म्हणते. तर सुभेदार निवृत्त होणार म्हणून मी नवी पैठणी काढली आणि मिरवणुकीची सगळी व्यवस्था धाकट्या दिरावर सोपवली. तिथेच घात झाला.

दीर म्हणजे उत्साहाचा डोंगर. त्याने वेशीवर एवढा मोठा फ्लेक्स लावला की मागची शाळा दिसेना. वर मोठ्या अक्षरांत 'जगाला शिस्त शिकवणारा आमचा भूमिपुत्र', मध्ये गणवेशातले सुभेदार, आणि खाली रिवाजाप्रमाणे शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत डेअरीचे चेअरमन होते, माजी सरपंच होते, होऊ घातलेले सरपंच होते, गॉगल घातलेला कुणाचा तरी मेहुणा होता. या सगळ्यांच्या बरोबर मध्ये, इतरांपेक्षा दुप्पट मोठा, परक्या देशाच्या गणवेशातला एक तरुण अधिकारी हसत होता. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'परदेशी मित्र'.

हा फोटो दिराने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून उचलला होता. सुभेदार परदेशात तिथल्या फौजींना शिकवायला गेले होते, तेव्हाचा. शिकणाऱ्यांचा वर्ग संपल्यावर पहिल्या आलेल्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तो काढला होता आणि कौतुकाने आम्हाला पाठवला होता. दिराने सुभेदारांचा हात कापला, अधिकाऱ्याचा चेहरा वेगळा काढला आणि डेअरीच्या चेअरमनशेजारी बसवला. आदल्या दिवशी मला सांगत होता, "वहिनी, परदेशी माणूस शे म्हंजे फ्लेक्सले वजन येस."

जीप वेशीशी आली. डीजेवर देशभक्तीची गाणी इतक्या जोरात लागली होती की गोठ्यातली जनावरं बिथरली होती. मी ताट घेऊन पुढे झाले. सुभेदारांनी मान वर केली, आणि फ्लेक्स पाहिला. त्यांनी ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारून जीप थांबवली, खाली उतरले आणि शेताच्या वाटेने चालायला लागले. हार गळ्यात तसेच. दीर मागे धावला.

"भाऊ, हाई काय करं तुम्ही? बठ्ठं गाव उभं शे आठे!"

"तो फोटो पहिले काढ," सुभेदार म्हणाले. "मंग बोल."

"आरे, पन व्हयनं काय?"

ते थांबले नाहीत. ठरलेला मार्ग संपेपर्यंत डीजे वाजत राहिला आणि रिकामी जीप मागे मागे फिरत राहिली, कारण भाडं दिवसाचं ठरलेलं होतं आणि पोरांना नाचायचं होतं. मी ताट घेऊन तशीच उभी. निरांजन विझलं. गावाच्या डोळ्यांसमोर इतकी फजिती माझी आयुष्यात झाली नव्हती. मी मनात सुभेदारांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे का घडलं हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सुभेदार ज्या देशात गेले होते त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथे बरीच वर्षं यादवी चालली होती. ती थांबल्यावर ज्या ज्या टोळ्या एकमेकांवर बंदुका रोखून होत्या, त्या सगळ्यांना एकत्र करून एकच नवी फौज उभी करायचं ठरलं. फौज सुधारायची म्हणून जगभरातून मदत आली. कुणी गाड्या दिल्या, कुणी बूट दिले, कुणी पगाराची सोय केली. आपल्याकडून शिकवणारे गेले. नाका कसा लावायचा, झडती कशी घ्यायची, जमावासमोर कसं उभं राहायचं, हे शिकवायचं होतं. त्यातच एक विषय मानवी हक्कांचा होता, आणि तो सुभेदारांच्या वाट्याला आला. त्या विषयाचा तास म्हणे कायम दुपारच्या जेवणानंतर असे. ज्याला कुणाला फौज सुधारायची होती, त्याने वेळापत्रक करताना पोरं झोपतील असाच तास या विषयासाठी शोधून काढला होता.

जाण्याआधी सुट्टीवर आले तेव्हा सुभेदार स्वयंपाकघरात या तासाची तयारी करायचे. त्यांना इंग्रजीत छापलेला धडा मिळाला होता, पण तो त्यांना पटला नाही. "असं काही बोललं तर पोरं घोरतील," म्हणाले. मग स्वतःच एक युक्ती काढली. मला स्टुलावर बसवलं, हात मागे घ्यायला लावले आणि म्हणाले, तू पकडलेला माणूस. मग तांब्याभांडं घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि हिंदीत भाषण सुरू केलं; तिकडे दुभाषी मिळणार होता. आमच्याकडे दारात कुणीही आलं की आधी पाणी देतात. कोण, कुठला, कशासाठी आला, हे नंतर विचारतात. पकडलेला माणूसही तुमच्या दारात आलेलाच असतो. म्हणून आधी पाणी, मग सावली, मग नाव. पाणी दिलेल्या माणसावर हात उचलणं जड जातं.

मी म्हटलं, "पाण्यावर चहा पण द्या. मला चार वाजता लागतो."

"कैद्याला चहा नियमात नाही," सुभेदार म्हणाले, आणि आमची लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. ती तेव्हा कॉलेजात होती. आता जळगावला पाइपच्या कंपनीत नोकरीला आहे.

तिकडे हा धडा फार गाजला. आधी पाणी म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात पुढचे शब्द म्हणायचा. तिकडच्या एका मोठ्या साहेबाने येऊन पाठ थोपटली. वर्गातला पहिला आलेला तो कॅप्टन तर यांना गुरुजीच म्हणायचा, आपल्या हिंदीत. रविवारी फोन आला की मला कॅप्टनचं कौतुक ऐकावं लागे. कॅप्टनच्या जोडीला आणखी एकाचं. छावणीत मोटरसायकलवरून भाजी घेऊन येणारा एक माणूस होता. आपल्या माणसाला मिरचीशिवाय जेवण जात नाही हे त्याने ओळखलं आणि कुठून कुठून तिखट मिरच्या शोधून आणायचा. सुभेदार त्याला मिरचीवाला म्हणत. त्याला त्यांनी 'राम राम' म्हणायला शिकवलं होतं. एकदा फोनवर त्याने मला राम राम घातला, आणि मीही घातला. आमची ओळख एवढीच.

मग काही महिन्यांनी फोनवर कॅप्टनचं नाव बंद झालं. मिरचीवाल्याचंही. मी विचारलं तर म्हणाले, "मिरच्या आता मिळत नहीत." मला वाटलं हंगाम संपला असेल.

फ्लेक्सच्या प्रकरणानंतर गावातल्या घराच्या ओट्यावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे तेव्हा मला ते सगळं वाटलं होतं. कॅप्टनच्या तुकडीने बाजारातून काही माणसं उचलली होती. जुन्या शत्रूच्या टोळीला सामान पोचवतात असा संशय होता. पाण्याच्या टँकरसोबत जाताना सुभेदारांना नाक्यावर ती माणसं बसलेली दिसली, आणि त्यात मिरचीवाला होता. ते उतरून कॅप्टनकडे गेले. म्हणाले, हा आमच्याकडे भाजी आणतो, मी ओळखतो याला. कॅप्टनने कडक सलाम ठोकला आणि हसत म्हणाला, "गुरुजी, आधी पाणी दिलं आहे."

दुसऱ्या दिवशी मिरचीवाला नदीच्या काठाला सापडला. मेलेला.

सुभेदारांनी वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठांनी ऐकून घेतलं, वर कळवलं, आणि वरून उत्तर आलं की आपलं काम शिकवण्याचं आहे. म्हणजे पाहण्याचं नाही. मला हे वाक्य ऐकल्यापासून त्याचा इतका संताप येतो की विचारू नका. शिकवायचं, टाळ्या घ्यायच्या, सोबत फोटो काढायचे, आणि शिकलेला माणूस काय करतो हे दिसलं तर तोंड फिरवायचं. या मदतीचा हिशेब कुणी मांडला आहे का? गाड्या गेल्या, बूट गेले, धडे गेले. कवायत सुधारली, सलाम सुधारला. माणूस जुनाच राहिला, फक्त आता त्याला नियम तोंडपाठ होते.

"तेव्हाच सगळं सोडून का नाही आलात?" मी विचारलं.

"फौजमा आसं सोडता येत नही," ते म्हणाले.

दिराने फ्लेक्स काढला, पण गावाने मनातून राग काढला नाही. गावाला खरं कारण सांगता येत नव्हतं, कारण सुभेदारांनी मला बोलू दिलं नाही. गावाच्या मते सुभेदाराला गर्व झाला होता. मी तोंड मिटून ते ऐकलं आणि आम्ही धुळ्याला परत आलो.

पुढच्या पावसाळ्यात त्या देशातून एका वकीलबाईचा संदेश आला. तिकडे चौकशी बसली होती. मिरचीवाल्याच्या बायकोने पिच्छा सोडला नव्हता. पण तिच्या बाजूने कुणी साक्षीदार उभा राहीना. बाजारातल्या लोकांना तिथेच राहायचं होतं, त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. कॅप्टन म्हणत होता, हा माणूस आमच्याकडे कधी आणलाच नाही. तो त्याच्या ताब्यात होता हे सांगणारा, आणि तिथे राहायची भीती नसणारा, जगात एकच माणूस होता. तो आमच्या देवपूरच्या घरात बनियनवर बसून पेपर वाचत होता. वकीलबाईंनी लिहिलं होतं, तुम्ही घरूनच, व्हिडिओवरून बोला. तुम्ही बोलला नाहीत तर प्रकरण मिटलं.

मला वाटलं, आता हे बोलणार. एवढा जीव जळत होता ना? पण सुभेदारांनी काय केलं, तर परवानगी मागितली. जुन्या युनिटला रीतसर अर्ज पाठवला. मी म्हटलं, "तुम्ही निवृत्त झालात ना? गावाने जीप काढली ना तुमच्यासाठी? मग आता कुणाची परवानगी?"

"तिकडे मी वर्दीमा होतू," ते म्हणाले. "वर्दीमा जे देखं, ते वर्दीले इचारीसन सांगनं पडी."

याला काय म्हणायचं? फौजी माणूस निवृत्त होतो, पण परवानगीची सवय निवृत्त होत नाही. साधं लग्नाला जायचं तरी हा माणूस आदल्या दिवशी मला विचारतो, जाऊ का, आणि मी हो म्हटल्यावरच शर्टाला इस्त्री करतो. मला आधी याचं हसू येई.

अर्जाला उत्तर आलं नाही. शेवटी फोन केला तेव्हा युनिटमधला कुणी अधिकारी अगदी आदराने बोलला. म्हणाला, साहेब, लेखी काही मिळणार नाही. परवानगी देता येत नाही. पण मनाई आहे असंही मी म्हणत नाही. स्पष्ट नाही म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी भांडण तरी केलं असतं.

मग अर्जाची कुणकुण लागून माजी सैनिकांमधले एक वडीलधारे नाना घरी आले. सुभेदारांनीच उठून त्यांना पाणी दिलं, मी चहा टाकला. नाना म्हणाले, "आपल्या कुणाचा यात काडीचाही दोष नाही, बरोबर? मग आपलं नाव त्यात कशाला ओढायचं? तुम्ही शिकवलेल्या माणसाने मारलं असं तुम्हीच सांगणार. जग काय म्हणेल? हिंदुस्थानी फौजेने हे शिकवलं का?"

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "नाना, मग जगाला काय सांगायचं? की आम्ही पाहिलं आणि चहा पीत बसलो?"

नाना उठले. चहा अर्धाच ठेवून गेले.

साक्षीचा दिवस आला. लेक जळगावहून मुद्दाम आली, तिने लॅपटॉप लावला. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, दिवसभर खडखडाट. आम्हाला त्याची सवय आहे, पण लॅपटॉपवर आवाज जाईल म्हणून मला काळजी लागली. मी ते माग चालवणाऱ्या मागच्या गल्लीतल्या चाचींना नुसतं बोलून ठेवलं होतं. त्या दारात येऊन म्हणाल्या, "भाभी, साहब का काम हो जाने दो. तब तक माग बंद रखे हैं हमने." बंद माग म्हणजे बुडालेली मजुरी. चाचींनी कुणालाही परवानगी मागितली नव्हती, आणि त्यांना हे प्रकरण काय आहे हेही धड माहीत नव्हतं. त्या दिवसातली मला सहन होते अशी तेवढीच आठवण आहे.

सुभेदारांनी कोट घातला, पदकं लावली, आरशात पाहिलं आणि पदकं परत काढून ठेवली. मग लॅपटॉपसमोर पाठ ताठ करून बसले. पलीकडे चौकशीचे लोक होते, वकीलबाई होत्या, पुस्तकी हिंदी बोलणारा एक दुभाषी होता. एका बाजूला मिरचीवाल्याची बायको बसली होती. साधारण माझ्याच वयाची असेल. डोक्याला पिवळं फडकं बांधलेलं, हात मांडीवर. मी कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून भिंतीला टेकून उभी होते, पण मला ती दिसत होती.

चौकशीवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला. त्या दिवशी तुम्ही नाक्यावर काय पाहिलं? सुभेदार म्हणाले, "मुझे इसकी इजाजत नहीं मिली है." दुसरा विचारला. तेच उत्तर. तिसरा विचारला. तेच. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मला वाटलं जाऊन याच्या पाठीत धपाटा घालावा. परवानगी नाही आणि मनाईही नाही, तर हा माणूस मधल्या मध्ये दगड होऊन बसला होता.

मग ती बाई बोलली. तिला विचारायची पाळी दिलेली नव्हती, ती अशीच बोलली. दुभाषी आधी चाचरला, मग त्याने सांगितलं की त्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याला ताप होता. घरून निघताना तो पाणी न पिताच गेला. तिला दुसरं काही नको, तिला एवढंच विचारायचं आहे. त्याला पाणी मिळालं होतं का?

सुभेदार खुर्चीतून उठले. आमच्या पडद्यावर नुसता त्यांच्या कोटाचा मधला भाग दिसायला लागला. उभ्यानेच म्हणाले, "हाँ जी, बहनजी. पानी दिया था. मैंने अपनी आँखों से देखा."

बाईने डोळे मिटले. वकीलबाई मात्र एकदम पुढे झुकल्या. म्हणजे तुम्ही त्याला कॅप्टनच्या ताब्यात पाहिलंत? सुभेदार म्हणाले, "हाँ." पुढे? "आगे इजाजत नहीं."

पण झालं होतं! कॅप्टन म्हणत होता हा माणूस आमच्याकडे आणलाच नव्हता, आणि सुभेदारांनी एका वाक्यात ते खोटं पाडलं होतं. लेकीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला, मिरवणुकीत वाटायचा राहून गेला होता तो सगळा. त्या दिवशी मी शेवभाजी केली आणि चाचींकडे डबा पाठवला. माग पुन्हा सुरू झाले तेव्हा त्यांचा खडखडाटसुद्धा मला गोड लागला.

निकाल यायला बरेच महिने लागले. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा लेक घरी होती, तिनेच ऐकून आम्हाला सांगितला. सांगताना तिचा आवाज चढत गेला. चौकशीवाल्यांनी सुभेदारांच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवला होता. एका मित्रदेशाच्या अनुभवी शिक्षकाची साक्ष, त्यात त्याचा काही स्वार्थ नाही, असं त्यांनी मुद्दाम नोंदवलं होतं. कॅप्टननेही आपलं म्हणणं बदललं होतं. हो, तो माणूस आणला होता, गडबडीत आठवलं नाही. आणि गुरुजींनीच सांगितलं आहे ना, की शिकवल्याप्रमाणे त्याला पाणी दिलं? तेव्हा ताब्यातल्या माणसाशी वागणूक माणुसकीची होती हे सिद्ध झालं. पुढे तो पळून गेला आणि त्याला कुणी अज्ञात लोकांनी मारलं. कॅप्टन निर्दोष.

मिरचीवाल्याच्या बायकोचं काय, हे मी विचारलं. लेक म्हणाली, तिच्याबद्दल त्यात काही नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी गिळलं असतं. काही दिवसांनी सुभेदारांच्या जुन्या सहकाऱ्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, बघ तुझा चेला कुठे पोचला. कॅप्टनला बढती मिळाली होती आणि त्याला वरच्या प्रशिक्षणासाठी आपल्या देशात पाठवलं होतं. दोन देशांची मैत्री. फोटोत तो पुष्पगुच्छ घेऊन तसाच हसत होता, फ्लेक्सवर हसला होता तसा. म्हणे ओळख करून देताना त्याने सगळ्यांना सांगितलं, कैद्याशी कसं वागावं हे मला एका हिंदुस्थानी सुभेदाराने शिकवलं. टाळ्या झाल्या म्हणे. मी फोन पलंगावर फेकला, आणि तो फुटला नाही याचंही मला वाईट वाटलं.

तेव्हापासून घरात एक गोष्ट बदलली. दारात कुणी आलं की पाणी द्यायचं काम कायम सुभेदारांचं होतं, मोठ्या हौसेचं. आता बेल वाजली की ते उठून आतल्या खोलीत जातात. पाणी मी देते. पाहुण्यांना वाटतं, माणूस आजारी आहे.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गावी गेलो. दिराशी बोलणं आता बरं आहे. मनाने वाईट नाहीच तो. जेवणं झाली, बाया झोक्यांकडे गेल्या, आणि सुभेदार हात धुवायला मागच्या अंगणात गेले. तिथे कडब्याच्या गंजीवर तो फ्लेक्स घातलेला होता. गावात फ्लेक्स वाया जात नाही, काम झालं की तो गंजीवर नाहीतर गोठ्यावर जातो. भूमिपुत्राचं तोंड आत दुमडलेलं होतं, शुभेच्छुकांची रांग बाहेर लोंबत होती. उन्हाने डेअरीचे चेअरमन फिके पडले होते, पण कॅप्टनचे दात अजून पांढरे होते. तेवढ्यात धाकटी जाऊ हातात पेला घेऊन आली, "भाऊजी, पानी ल्या." सुभेदारांनी पेला घेतला. फ्लेक्सकडे बघता बघता तो कलंडला आणि निम्मं पाणी शर्टावर सांडलं. मी पुढे होऊन पेला काढून घेतला.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. साक्री मागे पडली तसं मी विचारलं, "अहो, तुम्ही सांगितलं ते खरं होतं ना? पाणी दिलं होतं ना त्याला?"

"खरं शे," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत उरलेलं सांगितलं. त्या बाईला ते का सांगितलं नाही हेही सांगितलं. ती दुसरं काही मागत नव्हती, एवढंच मागत होती, आणि तेवढं तरी द्यावं असं त्यांना वाटलं. बाकीच्यांना सांगायची परवानगी नव्हती.

मला मात्र कुणी परवानगी दिलेली नाही आणि मी मागितलेलीही नाही. मी फौजेत नव्हते. मी फक्त एकदा स्टुलावर हात मागे घेऊन बसले होते, आणि एका माणसाला फोनवर राम राम घातला होता. म्हणून जे चौकशीत आलं नाही ते मी इथे लिहून ठेवते.

मिरचीवाल्याला पाणी दिलं होतं, हे खरं आहे. ते त्याला गिळता आलं नाही. त्याचा जबडा मोडलेला होता आणि सगळं पाणी हनुवटीवरून त्याच्या शर्टावर सांडत होतं. कॅप्टन तरीही त्याच्या ओठांना बाटली लावून उभा होता, कारण माझ्या नवऱ्याने त्याला तसं शिकवलं होतं.